उसना अर्थ : इंग्रजी-डॅनिश क्रियापदांच्या इतिहासातील एक प्रश्न

एका भाषेवरील दुसऱ्या भाषेचे ऋण मोजताना उसन्या शब्दांची यादी करण्याची रीत रूढ आहे. परंतु शब्द स्वतःचा आणि अर्थ परका असेही घडते. ही देवघेव यादीत दिसत नाही. तिचा शोध शब्दाच्या इतिहासातच घ्यावा लागतो. इंग्रजी आणि डॅनिश क्रियापदांचा संबंध या दृष्टीने उद्बोधक आहे.

इ.स. ८६५ मध्ये डेन लोकांचे मोठे सैन्य इंग्लंडात उतरले. ८७६ मध्ये त्यांच्यातील एका गटाने नॉर्थम्ब्रियाची जमीन वाटून घेतली आणि शेती आरंभली. आक्रमक शेजारी झाले. त्यांची प्राचीन नॉर्स ही आजच्या डॅनिशची पूर्वज. ती आणि जुनी इंग्रजी या भगिनीभाषा होत. कित्येक धातू दोहींत समान होते, अर्थ मात्र दुरावलेले होते.

या सहवासाचे तीन परिणाम वेगळे करता येतात. पहिला, उच्चाटनाचा. 'घेणे' या अर्थाचे देशी 'निमन' मागे पडले आणि नॉर्समधून आलेले 'टेक' रूढ झाले; 'निमन'चा अवशेष आज 'नम' (बधिर) या विशेषणात उरला आहे. दुसरा, अर्थसंकोचाचा. 'मरणे' या अर्थी जुन्या इंग्रजीत 'स्टेओर्व्हन' होते; चौदाव्या शतकात चॉसरही त्याचे रूप याच अर्थाने योजतो. डॅनिश 'ड्यो'चे सगोत्र 'डाय' स्थिरावल्यावर 'स्टार्व्ह'कडे उपासमार तेवढी उरली. उत्तरेकडील बोलींत थंडीने गारठणे हाही अर्थ राहिला. जर्मन 'श्टेर्बन' मात्र अद्याप 'मरणे'च आहे.

तिसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. जुन्या इंग्रजीतील 'ड्वेल्लन' म्हणजे मुख्यतः वाट चुकविणे, भ्रमात पाडणे. नॉर्स 'ड्व्हेल्या' म्हणजे थांबणे, रेंगाळणे; डॅनिश 'ड्व्हेले' आजही याच अर्थाने वापरतात. मध्ययुगीन इंग्रजीत देशी रूपावर हा नॉर्स अर्थ आरूढ झाला आणि रेंगाळण्यातून 'वास्तव्य करणे' हा आजचा अर्थ सिद्ध झाला. वाट चुकविणारे क्रियापद घराचे क्रियापद बनले.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९०५ मधील आपल्या इंग्रजीविषयक ग्रंथात नॉर्स शब्दांच्या नित्यव्यवहारातील स्थानावर भर दिला. राजदरबारातून आलेल्या फ्रेंच शब्दांहून हे ऋण निराळे आहे; ते समान पातळीवरील लोकांच्या बोलण्यातून आले. 'ड्वेल'चा इतिहास त्यापुढचा प्रश्न उभा करतो. हे क्रियापद देशी मानावे की परके? रूप पाहिले तर देशी, अर्थ पाहिला तर नाही. शब्दाचे कूळ पाहून भाषेची शुद्धता ठरविणारा निकष येथे निरुपयोगी ठरतो. शेजाऱ्याच्या तोंडी आपलाच शब्द वेगळ्या अर्थाने ऐकण्यातून भाषा बदलते. आणि त्या बदलाची नोंद कोणत्याही सनदेत होत नाही.