किडनी बदलली, मग साखर कुठून आली?

"डॉक्टर, आमच्या घरात कुणालाच मधुमेह नाही. किडनी बदलली आणि तीन महिन्यांत साखर वाढली. ही गोळी आता बंदच करतो." प्रेडनिसोलोनची पट्टी टेबलावर ठेवत एक रुग्ण म्हणाले. त्यांचा वैताग मला समजत होता. पण ही गोळी उपचारात का आली, हे कळले की ती बंद करण्यातला धोकाही कळतो.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी किडनीचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते, त्यामुळे शरीराने नवी किडनी परकी मानली नाही. पण असा जुळा भाऊ किती जणांना असतो? इतरांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती नव्या अवयवावर तुटून पडे. यालाच आपण रिजेक्शन म्हणतो.

दरम्यान, १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन देण्यात आले होते. गुण इतका झटपट आला की १९५० मध्ये या कामाला नोबेल मिळाले. पुढे १९६३ मध्ये डेन्व्हरच्या डॉ. थॉमस स्टार्झल यांनी दाखवले की अझाथायोप्रिनसोबत प्रेडनिसोन मोठ्या मात्रेत दिले, तर सुरू झालेले रिजेक्शनही परतवता येते. प्रत्यारोपणाचे दार तेव्हा खऱ्या अर्थाने उघडले. भारतातही १९७१ मध्ये वेल्लोरला किडनीचे यशस्वी प्रत्यारोपण झाले.

पण दुसरी बाजू लगेच दिसली. प्रत्यारोपणानंतर नव्याने होणाऱ्या मधुमेहाची नोंद स्टार्झल यांनीच १९६४ मध्ये केली. कारण सोपे आहे. स्टिरॉइडमुळे यकृत जास्त साखर तयार करते आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. स्वादुपिंडावर ताण येतो. पुढे आलेल्या टॅक्रोलिमसने रिजेक्शन आणखी कमी केले, पण ते इन्सुलिनचे स्रवणच घटवते. वय, वजन आणि आनुवंशिकता यांची भर पडली की साखर वाढते. म्हणजे घरात मधुमेह नसला तरी तो होऊ शकतो.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडचा परिणाम दुपारी आणि संध्याकाळी जास्त दिसतो. उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नका. दुपारच्या जेवणानंतरचीही तपासा.

२. सुरुवातीच्या महिन्यांत रक्त कमी असेल किंवा रक्त चढवले असेल, तर एचबीए१सी फसवी येऊ शकते. केवळ तिच्यावर विसंबू नका.

३. स्टिरॉइड स्वतःहून बंद करू नका, कमीही करू नका. साखर औषधाने आटोक्यात आणता येते. हातची गेलेली किडनी परत मिळवणे फार कठीण.

त्या रुग्णांनी गोळी बंद केली नाही. काही काळ इन्सुलिन घेतले. पुढे त्यांच्या किडनीतज्ज्ञांनी स्टिरॉइडची मात्रा हळूहळू उतरवली आणि इन्सुलिनही कमी झाले. किडनी बहिणीने दिली होती. "तिची भेट जपायची आहे," असे ते आता प्रत्येक तपासणीला म्हणतात.