तळटीप : मालिदा

मूळ लेखात नुसतं ‘गोड पोहे’ म्हटलं आहे. ते फार अपुरं आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचा मालिदा हा एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने करतात. पोळी कुस्करून केलेला मलिदा तो हा नव्हे. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे कालवून ताटात रास रचतात, भोवती फळं मांडतात आणि प्रार्थना झाल्यावरच वाटतात. ज्यू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या 15 तारखेला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, त्याचा खास मान. समाजात या दिवसाला ‘एलियाहू हनाबीचा उरूस’ म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात (घाटातला खंडाळा वेगळा) खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. 1948नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली; मालिदा त्यांच्यासोबत गेला.