नमुना मागून नेणे

चाळीसगाव आणि कला हे शब्द एकत्र उच्चारले की पाठोपाठ केकी मूस यांचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. टेबल-टॉप छायाचित्रणासाठी ख्याती पावलेला हा कलावंत (१९१२–१९८९) स्टेशनाजवळच्या आपल्या घरात, बाहेर फारसा न पडता, अनेक दशके काम करीत राहिला. आज त्या घराचे संग्रहालय झाले आहे. एका पुरुषाने घराबाहेर न पडणे ही आख्यायिका ठरते. त्याच गावात, त्याच काळात, कितीतरी बायकाही घराबाहेर फारशा न पडता हातांनी काही घडवीत होत्या. पण त्यांचे घरात असणे कोणाच्या डोळ्यांत भरण्याजोगे नव्हते, आणि म्हणून त्यांचे घडवणेही नोंदले गेले नाही.

आमचा विषय हे दुसरे घडवणे आहे. थंडीच्या दिवसांत दुपारची झाकपाक झाली की दोनचार मैत्रिणी ओट्यावर किंवा धाब्यावर उन्हात बसत. एकीचा क्रोशाचा रुमाल अर्ध्यावर आलेला, दुसरीचे दाराचे तोरण, तिसरीच्या सुयांवर कोणाच्या तरी लेकरासाठी लोकरीचे टोपडे. खानदेशचा उन्हाळा दुपारी कोणाला बाहेर बसू देत नाही आणि पावसाळ्यात ऊन मिळत नाही. पारा दहा अंशांखाली उतरू लागतो तेव्हाच इथे उन्हात बसणे हे सुख होते. शिवाय पुढ्यात संक्रांत असे. हळदीकुंकू, वाण, लहानग्यांचे बोरनहाण यांमुळे विणलेल्या वस्तूला पोचण्याचे ठिकाण असे आणि पोचण्याची तिथीही असे.

या बैठकीतली मुख्य देवघेव वस्तूंची नव्हती, नमुन्यांची होती. 'नमुना मागून नेणे' हा त्या व्यवहाराचा वाक्प्रयोग. एखादीकडे नवा नमुना आला की दुसरी तो रात्रीपुरता घरी नेई, उलटसुलट करून टाके मोजी आणि परत करताना आपल्याकडचा एखादा नमुना दाखवी. लिहून घेण्याची पद्धत क्वचितच होती. पाच साखळ्या, तीन खांब, पुन्हा दोन साखळ्या, मग एक मुका खांब, अशी आवर्तने तोंडाने म्हटली जात आणि बोटांत मुरत. ओवी जात्यावरून जात्यावर जाते तिची आठवण येथे व्हावी. आवर्तनाची लय ठरलेली. तपशील म्हणणारीच्या स्वाधीन. आपण वर्गात पाठभेद शिकवतो तेव्हा उदाहरणे हस्तलिखितांतून देतो. पण पाठभेद म्हणजे काय हे दोन घरांतले एकाच वाणाचे दोन रुमाल शेजारी ठेवले तर अधिक चटकन कळेल. कोणाचा तरी एक खांब जास्त पडला, गोलाला चुणी आली, ती चुणी पुढचीला आवडली आणि तिच्याकडून नेणाऱ्या सगळ्यांसाठी तोच मूळ पाठ ठरला. नमुन्याला नाव असलेच तर ते जिच्याकडून आणला तिचे: अमक्या वहिनींचा, तमक्या मावशींचा. मूळ करणारी कोण, हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

शब्दांकडे पाहिले तरी ही वस्ती मिश्र आहे. सुई संस्कृत 'सूची'ची. कशिदा आणि नमुना फारसीतून आलेले. क्रोशा हा फ्रेंच शब्द, अर्थ लहान आकडा. वात्स्यायनाच्या कलांच्या यादीत शिवण-विणकामाला स्थान आहे खरे, परंतु आकड्याच्या सुईचे हे विणकाम त्या परंपरेतले नव्हे. युरोपात ते एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झाले. १८४० च्या दशकात त्याची नमुनापुस्तके छापली जाऊ लागली आणि त्याच दशकातल्या आयर्लंडच्या भीषण दुष्काळात अनेक घरे क्रोशाच्या लेसवर तगली. हिंदुस्थानात ही विद्या मिशनऱ्यांच्या हातून पसरली. आंध्रातील नरसापूरचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तिथे मिशनऱ्यांनी शिकवलेल्या लेसचा पुढे निर्यातीचा धंदा झाला, आणि मारिया मीस यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की जगाच्या बाजारासाठी दिवसचे दिवस विणणाऱ्या त्या बायकांची गणना कामगारांत होत नव्हती. त्या गृहिणी होत्या आणि लेस हे त्यांचे 'फावल्या वेळचे' काम होते! या दोन शब्दांनी बायकांच्या श्रमाची जेवढी किंमत पाडली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने पाडली असेल.

महाराष्ट्रात सुईची गोष्ट शाळेच्या गोष्टीत गुंतलेली आहे. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला शिवणकाम असे. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा तिच्या अभ्यासक्रमावर 'मराठा' पत्रातून झालेली टीका प्रसिद्ध आहे. मुलींना घरास उपयोगी पडेल तेवढे शिक्षण पुरे, असा तिचा रोख होता. म्हणजे मुलीच्या हातातले पुस्तक काढून घ्यायचे तर त्या जागी द्यायला सुई सोयीची होती. परंतु तीच सुई दुसऱ्या बाजूनेही चालली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग हा विधवांना आणि परित्यक्तांना चार पैसे मिळवून देणारा मार्ग होता. आणि जिथे ना शाळा होती ना सेवासदन, तिथे शिवण-विणकाम हे निदान निमित्त होते. 'जरा नमुना घेऊन येते' एवढे म्हटले की सुनेला शेजारच्या घरी जाता येई. कोरे हात घेऊन शेजारी बसणे म्हणजे उखाळ्यापाखाळ्या. हातात दोरा असला की ते काम.

चाळीसगावात हे निमित्त कोणाकोणाला परवडत होते, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. हे जंक्शनचे गाव आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला आणि १९०० मध्ये धुळ्याचा फाटा जोडला गेला. रेल्वेच्या, शाळांच्या, कचेऱ्यांच्या नोकऱ्यांमुळे बदलून येणारी कुटुंबे आली आणि त्यांच्या बायकांच्या ट्रंकांतून परगावचे नमुने आले असावेत, असे आम्हांस वाटते. घड्याळावर चालणाऱ्या नोकरीने घरातल्या बाईलाही दुपार नावाचा एक ठरावीक तुकडा दिला. गावाबाहेर पाऊल टाकले की हिवाळा निराळा होतो. कार्तिकापासून पुढे कापसाची वेचणी. ज्या सुतापासून क्रोशाचा दोरा निघतो ते वेचणाऱ्या बोटांना त्याच दिवसांत सुई धरायला उसंत नाही. म्हणून शेतकरणीची सुई उन्हाळ्यात चालते. शेतीची कामे सरल्यावर जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून चार जणी चार कोपऱ्यांना बसतात आणि धावदोऱ्याने गोधडी भरत आणतात. शिवायची वैशाखात, पांघरायची पौषात. तिच्यातही मैत्रिणींची सोबत आहे, मागून आणलेले चिंध्यांचे रंग आहेत, कोपऱ्यातल्या वेगळ्या ठिगळाची हौस आहे. पण शाळेच्या प्रदर्शनात रुमाल मांडला जातो, गोधडी नाही.

तिसरी सुई तांड्यांची. चाळीसगाव तालुक्याच्या डोंगरकडेला बंजाऱ्यांचे तांडे आहेत. बैलांच्या पाठीवरून धान्य-मीठ वाहणाऱ्या या समाजाचा धंदा ज्या रेल्वेने मोडला तीच चाळीसगावची भाग्यदेवता ठरली, हे लक्षात ठेवावे. त्यात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा भटक्या जमातींमागे सरकारचा संशय लावला. बंजारा स्त्रियांच्या फेटिया-काचळीवरचा आरसे-कवड्यांचा कशिदा हा सुईकामाच्या कोणत्याही मापाने श्रेष्ठ आहे. त्याचे टाके आईकडून लेकीकडे आणि सोबतिणीकडून सोबतिणीकडे तसेच न लिहिता गेले. आजच्या हिवाळ्यात मात्र या तांड्यांतली अनेक कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. ओट्यावरचे ऊन तिथेही पडते. बसायला कोणी नसते.

तेव्हा हिवाळी दुपारच्या त्या गोड चित्रात वर्ग आणि जात दोन्ही विणलेली आहेत. ती बैठक खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. तिच्यातला जिव्हाळा खरा होता, आणि बंद घरांतल्या बायकांना तिने जे दिले ते लहान नव्हते. पण ती सगळ्यांची नव्हती.

नोंदीचा प्रश्न मात्र तिन्ही सुयांना सारखाच लागू आहे. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांची गाणी उरली, कारण कवी असलेला मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी ती टिपून घेतली होती, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ती छापून आली. त्या वह्या नसत्या तर मराठी काव्याचा इतिहास एका मोठ्या कवयित्रीला मुकला असता आणि आपण मुकलो हे त्याला कळलेही नसते. सुईला असा टिपून घेणारा मिळाला नाही. इंग्लंडात जेन बॉस्टॉक या स्त्रीने १५९८ साल घालून भरलेला टाक्यांचा नमुना लंडनच्या संग्रहालयात आहे. नाव आणि साल कापडावरच असल्यामुळे तो इतिहासाचा दस्तऐवज झाला. आमच्याकडचे नमुने फिरते राहिले. झिजले, की त्यांचे हातपुसणे झाले.

बैठका का थांबल्या याची कारणे साधी आहेत. यंत्रावरचे स्वेटर स्वस्त झाले. हिवाळ्यात गावोगाव पाल ठोकणारे तिबेटी विक्रेते आले. दूरचित्रवाणीने दुपार घेतली आणि पुष्कळ जणींना नोकरीने बाहेर नेले, ज्याचे दुःख करण्याचे कारण नाही. आता नमुने मोबाइलवरच्या चित्रफितींतून येतात. शिकवणारी अनोळखी असते, चित्रफीत हवी तितक्यांदा मागे नेता येते, आणि जगातला कोणताही नमुना चाळीसगावात संध्याकाळपर्यंत पोचतो. मागून नेण्याची आणि परत करण्याची गरज संपली आहे. त्या चित्रफितींमध्ये खांबाला खांब म्हणणारी बाई आढळली की आम्ही शब्द उतरवून घेतो: मुका खांब, अर्धा खांब, दुहेरी खांब. मराठीच्या विद्यार्थिनींनी आपापल्या घरी हेच करावे, आणि नमुना कोणाकडून आला तेही शेजारी लिहावे. आजीला ते आठवत असते.