तळटीप : कंधारचे कृष्णेश्वर

मूळ लेखात 'कंधारची राष्ट्रकूटकालीन देवळे' असा उल्लेख ओघात येऊन जातो. वाचकाने ती पाहायला म्हणून कंधारला (जि. नांदेड) जाऊ नये, तिथे आज दिसतो तो भुईकोट किल्ला आणि तळे. देवळांची माहिती मुख्यतः एका शिलालेखावर उभी आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (इ. स. ९३९–९६७) याच्या काळातला हा संस्कृत लेख खंडित आहे. त्यात कृष्णेश्वराचे देवालय, 'सर्वलोकाश्रय' नावाचा मंडप आणि 'जगत्तुंगसमुद्र' हा जलाशय यांचा उल्लेख येतो. लेखाला दुजोरा देणारा पुरावा म्हणजे कंधारजवळच्या मानसपुरीला सापडलेले क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे. नुसते पाऊल पाहिले तरी कंधारची एकेकाळची ऐपत कळते.

वेरूळच्या कैलासाशी तुलना केली तर गंमत दिसते. तिथे लेणे शाबूत आहे, पण ते पहिल्या कृष्णराजाने घडवल्याचे कळते दूरच्या बडोदा ताम्रपटातून. कंधारला लेख हाती आहे, वास्तू नाही. लातूरची गत याहून वेगळी नाही : राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या इ. स. ८६६ च्या लेखांत 'लट्टलूरपुर-परमेश्वर' असे बिरुद येते, हे लट्टलूर म्हणजे लातूर हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. पण बिरुदापलीकडे ते लेख नगराचे वर्णन करत नाहीत.

म्हणून लेखकाचे 'भव्य देवालयसमूह' हे शब्द वाचकाने अनुमान म्हणूनच घ्यावेत. – संपा.