बर्फाची पेटी, चार अंश सेल्सिअस आणि १९९४चा कायदा

ठाणे-मुलुंडकडून परळच्या दिशेने एखादे यकृत नेले जाते, तेव्हा घाटकोपरजवळ पूर्व द्रुतगती महामार्गावरील वाहतूक काही काळ थांबवली जाते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत 'ग्रीन कॉरिडॉर'ची आणि वाहतूक पोलिसांची प्रशंसा छापून येते. ती रास्तच आहे. परंतु त्या पेटीतील यकृताला प्रवासाची मुभा देणारे तास रस्त्याने मिळवून दिलेले नाहीत. आजचा थ्रेड त्या तासांच्या इतिहासाविषयी.

आधी उष्णतेचे पाहू. रक्तपुरवठा थांबला तरी ३७ अंशांवर यकृताच्या पेशींची भूक थांबत नाही. प्राणवायूविना त्यांचा ऊर्जेचा साठा झपाट्याने संपतो. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी मानवी यकृताचे पहिले प्रत्यारोपण केले, तेव्हा मेंदूमृत्यूला मान्यता नव्हती. दात्याचे हृदय थांबेपर्यंत वाट पाहणे भाग होते. तो बालरुग्ण रक्तस्रावाने शस्त्रक्रियेतच दगावला. यश मिळायला १९६७ उजाडले.

हार्वर्डच्या समितीने १९६८ मध्ये मेंदूमृत्यूचे निकष मांडले. भारतात ही संकल्पना कायद्यात आली ती १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने. केंद्रशासित प्रदेशांखेरीज आरंभी तो तीनच राज्यांना लागू झाला : महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. मूत्रपिंडांच्या व्यापाराला आळा घालणारा कायदा म्हणूनच आपण त्याला ओळखतो. माझ्या मते त्याचे दुसरे फळ तितकेच मोठे आहे. दात्याचे हृदय धडधडत असतानाच सर्व सिद्धता करून, रक्ताभिसरण थांबवताच यकृतात थंड द्रावण सोडणे त्याने शक्य केले. कलमांच्या कोरड्या भाषेत तापमानाचा उल्लेखही नाही, आणि तरी यकृताचे उष्णतेपासून रक्षण झाले ते त्या कलमांमुळेच!

मग नुसता बर्फ पुरेसा का नाही? चार अंशांच्या आसपास पेशींची भूक सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते. परंतु त्याच थंडीत क्षारांचा तोल राखणारी पेशींची यंत्रणाही मंदावते, पाणी आत शिरते आणि पेशी फुगतात. यकृत गोठले तर हिमस्फटिक पेशी फोडतात. म्हणून ते द्रावणात बुडवून, निर्जंतुक पिशव्यांच्या थरांत ठेवतात. बर्फ बाहेर असतो, त्याचा थेट स्पर्श होऊ देत नाहीत.

विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउथार्ड यांनी १९८०च्या दशकात असे द्रावण सिद्ध केले, ज्यातील मोठे रेणू पेशींत सहज शिरत नाहीत आणि सूज रोखतात. तोवर यकृत जेमतेम सहा-आठ तास टिके. आता त्याहून कितीतरी अधिक वेळ मिळू लागला. पुण्याहून मुंबईला यकृत आणण्याचे धाडस या द्रावणावर उभे आहे.

एक टप्पा मात्र पेटीबाहेरचा. रुग्णाच्या पोटात रक्तवाहिन्या शिवल्या जात असताना यकृत भोवतालच्या उष्णतेने तापू लागते आणि रक्त अजून सुरू झालेले नसते. तेथे शल्यचिकित्सकाजवळ थंड सलाइन, बर्फाचा चुरा आणि हाताचा वेग एवढीच साधने असतात.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उलट वाट धरली : यकृत थंड करायचेच नाही, यंत्रातून उबदार रक्त खेळवत ते जिवंत ठेवायचे. २०१३ साली लंडनमध्ये अशा यकृताचे पहिले प्रत्यारोपण झाले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या २२० प्रत्यारोपणांच्या चाचणीत, बर्फात ठेवलेल्या यकृतांच्या तुलनेत पेशींची हानी निम्मी आढळली.