मुक्या पडद्यावरचा विनोद आणि मनोहर दीक्षित

मराठी प्रेक्षकाला विनोद नवा नव्हता. तमाशांतला सोंगाड्या काय किंवा भंडारा जिल्ह्याच्या झाडीपट्टींतली खडी गंमत काय, त्यांची सारी मजा हजरजबाबी बोलण्यांत. मूकपटानें नेमकें हेंच हत्यार नटाच्या हातांतून काढून घेतलें. आतां त्यानें हंसवावें तें केवळ चालीनें, पडण्याधडपडण्यानें, डोळ्यांनीं. दादासाहेब फाळके यांनीं 'पिठाचे पंजे' हें विनोदी चित्र १९१४ च्या सुमारास काढलें खरें. परंतु पौराणिक कथेच्या ताटांत विनोदाची जागा चटणीकोशिंबिरीचीच राहिली.

सिन्नर येथें १९०६ सालीं जन्मलेले मनोहर जनार्दन दीक्षित या धंद्यांत आले तेव्हां मूकपटाचे दिवस भरत आले होते. नागेंद्र मजुमदार यांच्या 'जगमगती जवानी' (१९२९) या चित्रांतून त्यांनीं पदार्पण केलें, आणि १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत 'आलम आरा' बोलूं लागला! मुकेपणाची विद्या हातीं येते न येते तोंच तिचा बाजार उठला.

पण ती विद्या वायां गेली नाहीं. चंदुलाल शहा व गोहर यांच्या रणजित कंपनींत जयंत देसाई यांनीं 'चार चक्रम' (१९३२) या बोलपटांत दीक्षितांची गांठ घोरी या मुंबईकर नटाशीं घालून दिली. घोरीही मूकपटांतच तयार झालेले. 'भूल भुलैयां' (१९३३), 'तूफान मेल' (१९३४) अशा चित्रांतून ही जोडी गाजली. लोक त्यांना हिंदी लॉरेल-हार्डी म्हणत. नक्कल होती, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु मूळ लॉरेल-हार्डींची जोडीही १९२७ च्या सुमारास मूकपटांतच जमली होती. गाण्यांनीं आणि लांबलचक संवादांनीं भरलेल्या त्या काळच्या बोलपटांत शरीराचा विनोद टिकला, तो अशा नटांमुळें.

त्यांच्या मुक्या कामाचें मोल आज कोणीं कसें करावें? आपल्याकडील बहुतेक मूकपट नष्ट झाले. फिती ज्वालाग्राही, कित्येक जळाल्या, कित्येक त्यांतल्या चांदीसाठीं मोडींत निघाल्या. हंसविणाऱ्यांचें सोनें चांदीच्या भावानें विकलें गेलें.

जोडीचा शेवटही हंसण्याजोगा नव्हता. दीक्षित पन्नाशी न गांठतांच १९४९ सालीं निवर्तले. घोरी फाळणीनंतर पाकिस्तानांत गेले आणि १९७७ सालीं कराचींत वारले.