लोहमार्गाखालील लाकूड, लोखंड व काँक्रीट : ठाणे-कल्याण परिसराचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे २१ मैलांचे अंतर आगगाडीने प्रथम कापले. १ मे १८५४ रोजी हा मार्ग ठाण्याची खाडी ओलांडून व पारसिकच्या डोंगरातील बोगद्यांतून कल्याणपर्यंत पोहोचला. या घटनांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने इंजिने, पूल, बोगदे, स्थानके व प्रवासी यांच्याकडे गेले आहे. ज्या आधारावर हे सारे उभे राहिले, त्या रुळांखालील आडव्या आधारांची, म्हणजेच स्लीपरची दखल मात्र फारशी घेतली गेली नाही. स्लीपर कशाचा असावा, हा वरवर पाहता केवळ अभियंत्यांचा प्रश्न वाटतो. वस्तुतः त्यात अरण्य, शेती, मजुरी आणि महानगराची गरज असे अनेक प्रश्न गुंतलेले आहेत.

मार्गाच्या साहित्याचा वाद केवळ रेल्वेपुरता नाही. खाचेतून धावणाऱ्या खेळण्यातील मोटारींचे शौकीनही शर्यतीचा मार्ग लाकडाचा करावा की प्लास्टिकच्या जोडतुकड्यांचा, यावर वाद घालतात. लाकडी मार्ग कारागिराला हव्या त्या वळणाने कोरता येतो. प्लास्टिकचा तुकडा साच्यातून एकसारखा निघतो, सहज जोडता व बदलता येतो. मात्र त्याचे सांधे जाणवतात. हाताने घडविलेली लवचीक वस्तू की कारखान्यातील प्रमाणबद्ध वस्तू, हाच तो मूळ प्रश्न. लोहमार्गाच्या बाबतीत त्याचे परिणाम अर्थातच कितीतरी दूरगामी ठरले.

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) ठाणे-कल्याण लोहमार्गाच्या संदर्भात स्लीपरच्या साहित्यात झालेल्या बदलांची कारणमीमांसा करणे.
२) या बदलांचा तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील अरण्ये व तेथील रहिवासी यांच्याशी असलेला संबंध तपासणे.
३) साहित्याच्या निवडीत कोणता खर्च मोजला गेला व कोणता मोजला गेला नाही, याचा विचार करणे.

लाकडी स्लीपर : गुण व मर्यादा

स्लीपरची कामे मुख्यतः तीन. दोन रुळांमधील अंतर कायम राखणे, गाडीचा भार खालच्या खडीवर पसरवणे आणि चाकांचे हादरे काही प्रमाणात शोषून घेणे. भारतात साडेपाच फुटांचा रुंदमापी मार्ग स्वीकारला गेल्यामुळे स्लीपरही लांब लागत. या तीनही कामांना लाकूड उत्तम. ते हलके असते, जागेवरच तासता येते, त्यात खिळा बसतो आणि चार माणसे ते सहज उचलून बसवू शकतात. ठाण्याच्या खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनीवर, जेथे भराव खचत राहतो, तेथे वारंवार उचलून समतल करता येणारा हलका स्लीपर ही मोठी सोय होती.

तथापि येथील हवामानाने लाकडाची परीक्षा पाहिली. चार महिने पाऊस, त्यानंतर कडक ऊन आणि बारमाही वाळवी यांपुढे सामान्य जंगली लाकूड काही वर्षांतच कुजून जाई. साग, साल व देवदार या तीन जाती टिकाऊ मानल्या जात. त्यांपैकी साल मध्य व पूर्व भारतातला, देवदार हिमालयातला. कोकणपट्टीच्या जवळचा तो एकटा साग. परंतु साग जहाजबांधणीला व घरबांधणीलाही हवा असे. यावर एक उपाय म्हणजे युरोपातील पाइनचे स्लीपर क्रिओसोट या डांबरी तेलात मुरवून जहाजाने आणणे. लाकूड अशा रीतीने मुरवण्याच्या पद्धतीचे एकस्व जॉन बेथेल याने इंग्लंडमध्ये १८३८ साली घेतले होते. ज्या प्रांतात एवढी अरण्ये होती, त्या प्रांताच्या लोहमार्गासाठी सातासमुद्रापलीकडून लाकूड आणावे लागावे, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

एका मैलाला साधारणतः १,७६० ते २,००० स्लीपर लागत. या हिशेबाने बोरीबंदर-ठाणे हा मार्ग एकेरी धरला, तरी त्यास सुमारे ३७ ते ४२ हजार स्लीपर लागतात. हा आकडा एकदाच्या खर्चाचा नव्हे, तर दर काही वर्षांनी पुन्हा उभ्या राहणाऱ्या मागणीचा आहे. लाकडी मार्ग बांधणे म्हणजे अरण्याशी कायमचा करार करण्यासारखे होते. मात्र त्या करारात अरण्यात राहणाऱ्यांची सही नव्हती.

अरण्य, राब आणि कायदा

मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली, ती रेल्वे सुरू होण्याच्या सहा वर्षे आधी. पुढे १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झाले. १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी अरण्यावरील सरकारी स्वामित्व उत्तरोत्तर दृढ केले. १८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित व ग्रामवने अशी वर्गवारी केली. माधव गाडगीळ व रामचंद्र गुहा यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या धोरणामागील एक प्रमुख प्रेरणा म्हणून रेल्वेच्या स्लीपरच्या मागणीकडे लक्ष वेधले आहे.

ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत हे प्रतिपादन थोडे तारतम्याने स्वीकारावे लागते. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात आजचा पालघर जिल्हाही समाविष्ट होता. येथील अरण्यांवरचा ताण केवळ स्लीपरमुळे नव्हता. मुंबईच्या चुलींना लागणारे सरपण, लोणारी कोळसा आणि इमारती लाकूड यांचा पुरवठा या जिल्ह्यातून होत असे. पूर्वी ही वाहतूक खाडीतून, गलबतांनी होई. लोहमार्गाने तिला जमिनीवरची वाट मिळाली. म्हणजेच रेल्वेने अरण्यावर दोन प्रकारे परिणाम केला. एक, ती स्वतः लाकडाची ग्राहक होती. आणि दोन, ती इतर ग्राहकांना अरण्यापर्यंत पोहोचवत होती. ठाण्यापुरते पाहता दुसरा परिणाम पहिल्यापेक्षा कमी महत्त्वाचा मानता येणार नाही.

याचा फटका वारली, ठाकूर, कातकरी व कुणबी या समाजांना बसला. कोकणातील भातशेतीत रोपे तयार करण्यापूर्वी झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत व शेण जमिनीवर पसरून जाळतात. यालाच राब म्हणतात. त्यासाठी ऐनासारख्या झाडांची डहाळी लागते. राखीव वनांच्या नियमांनी या डहाळीवर मर्यादा आल्या आणि भाताच्या रोपाचाच प्रश्न निर्माण झाला. खैरापासून कात काढणे हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय, त्या कातकऱ्यांचीही उपजीविका आकसली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की, सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. महात्मा जोतीराव फुले यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये वनखात्याने गरीब शेतकऱ्यांची चराईची राने काढून घेतल्याची कठोर चिकित्सा केली आहे. अरण्याचा प्रश्न हा मूलतः शेतकऱ्याचा प्रश्न आहे, हे त्यांनी वेळीच ओळखले होते.

लोखंडी पर्याय

लाकडाच्या टंचाईवर व कुजण्यावर लोखंडाचा उपाय पुढे आला. हेन्री ग्रीव्ह्ज यांच्या आराखड्याचा ओतीव लोखंडाचा स्लीपर म्हणजे उपडे ठेवलेले पसरट भांडेच. रुळाखाली अशी दोन भांडी ठेवून ती लोखंडी पट्टीने जोडत आणि भांड्याच्या भोकातून आत खडी ठासत. पुढे भारतात या कल्पनेतून अनेक सुधारित प्रकार झाले, त्यांपैकी ‘सी. एस. टी. ९’ हा ओतीव लोखंडाचा प्रकार दीर्घकाळ सर्वत्र वापरला गेला.

लोखंडाला वाळवी लागत नाही व निकामी झाल्यावर ते भंगार म्हणून विकता येते, हे त्याचे गुण. परंतु खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ते गंजते, गाडी रुळांवरून घसरल्यास ओतीव भांडी तडकतात आणि त्यावरून जाणारी गाडी अधिक खडखडते. विसाव्या शतकात आणखी एक अडचण पुढे आली. रुळांमधून सौम्य विद्युत्प्रवाह सोडून गाडीची जागा ओळखणारी सिग्नल यंत्रणा आली, तेव्हा दोन रूळ परस्परांपासून विद्युतदृष्ट्या अलग असणे आवश्यक झाले. लाकूड हे काम आपोआप करी. लोखंडी पट्टी नेमका उलट परिणाम करी. उपनगरी वाहतुकीत, जेथे गाडीमागून गाडी सोडावी लागते, तेथे हा दोष दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विद्युत गाडी धावली आणि पुढील काही वर्षांत विद्युतीकरण कल्याणपर्यंत व घाटांपलीकडे पोहोचले. एका जुन्या साहित्याचा न गणलेला गुण नव्या तंत्रामुळे अचानक मोलाचा ठरावा, याचे हे बोलके उदाहरण आहे.

काँक्रीट आणि प्लास्टिकचा शिरकाव

स्वातंत्र्योत्तर काळात लाकडाची टंचाई, वाढता वेग व वाढता भार यांमुळे पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे स्लीपर स्वीकारले गेले. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानेही लाकडाला पर्याय शोधण्यावर भर दिला. रुंदमापी मार्गावरील काँक्रीटचा स्लीपर सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचा असतो, म्हणजे लाकडी स्लीपरच्या तिपटीहून अधिक. या वजनामुळेच सांधे जोडून केलेले लांबलचक रूळ उन्हाळ्यात वाकत नाहीत व मार्ग स्थिर राहतो. काँक्रीट ताठर असल्याने रूळ व स्लीपर यांमध्ये रबराची गादी घालावी लागते आणि रूळ पकडण्यासाठी स्प्रिंगसारखी लवचीक क्लिप लागते. विद्युतरोधनासाठी काचतंतुयुक्त नायलॉनचे लायनर वापरतात. लाकूड एकटे जे करीत होते, ते करण्यासाठी आता काँक्रीट, पोलाद, रबर व प्लास्टिक अशा चार वस्तू एकत्र आल्या आहेत. जपानमध्ये तर १९८० च्या दशकापासून काचतंतू व युरेथेन यांचे कृत्रिम स्लीपर वापरात आहेत. ते लाकडासारखेच तासता येतात, पण कुजत नाहीत.

या बदलाने श्रमाचे स्वरूपही पालटले. लाकडी मार्गाची देखभाल पहार व फावडे घेतलेली गँगमनची टोळी मुकादमाच्या देखरेखीखाली, दोन गाड्यांच्या मधल्या अवधीत करू शके. काँक्रीटच्या मार्गास खडी ठासणारी अवजड यंत्रे लागतात आणि यंत्रांसाठी मार्ग काही तास बंद ठेवावा लागतो. डोंबिवलीच्या प्रवाशाला परिचित असलेल्या रविवारच्या मेगाब्लॉकमागे जी अनेक कारणे आहेत, त्यांत हेही एक आहे. कष्ट कमी झाले हे खरे. परंतु ते संपले नाहीत. रुळांवरून चालत तपासणी करणारा कर्मचारी आजही उन्हापावसात तेच अंतर कापतो, आणि गाड्यांची संख्या वाढल्याने त्याच्या जिवाचा धोका कमी झालेला नाही.

निष्कर्ष

१) लाकूड, लोखंड व काँक्रीट यांपैकी कोणतेही साहित्य सर्वकाळ श्रेष्ठ ठरले नाही. हवामान, भार, सिग्नल यंत्रणा व उपलब्धता यांनुसार श्रेष्ठतेचा निकष बदलत गेला.
२) ठाणे जिल्ह्यातील अरण्यावरील निर्बंधांचे कारण केवळ स्लीपर नव्हते, मुंबईची इंधन व लाकडाची गरज आणि तिला रेल्वेने दिलेली वाट यांचाही त्यात वाटा होता.
३) प्रत्येक टप्प्यावर स्लीपरची किंमत, आयुष्य व मजबुती यांचा हिशेब मांडला गेला. राब न मिळाल्याने वाया गेलेला भाताचा हंगाम त्या हिशेबात आला नाही. आज काँक्रीटच्या बाबतीत सिमेंटच्या भट्टीतून निघणारा कर्बवायू व खडीसाठी फोडलेले डोंगर यांचीही तीच स्थिती आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका प्रवाशांसाठी खुली झाली. मार्गांची ही वाढ यापुढेही होत राहील व ती आवश्यकही आहे. अशा वेळी साहित्याची निवड करताना, त्याची किंमत कोण चुकती करणार आहे, हा प्रश्न निविदेच्या आधी विचारला जावा, एवढीच अपेक्षा हा इतिहास पाहता व्यक्त करावीशी वाटते.